एक्क्याण्णव टक्के आणि आर्ट्स

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मुक्ताला दहावीत एक्क्याण्णव टक्के मिळाले. तिला वकील व्हायचंय, म्हणून आज सकाळी अकरावीच्या फॉर्ममध्ये आर्ट्स भरलं. राज्यशास्त्र, इतिहास आणि तिने हट्टाने घेतलेलं तर्कशास्त्र.

आमच्या गिरगावातल्या चाळीत बातमी पसरायला दहा मिनिटं लागली. शेजारच्या शिर्केकाकांचे दोन्ही मुलगे इंजिनीअर. गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे मार्क मिळवून आर्ट्स? सायन्स झेपणार नाही, असं सरळ सांग ना!" पोर गुपचूप आत गेली. मी चहा गाळत होते. गाळणं फेकून मारावंसं वाटलं.

संध्याकाळी तेच काका आमच्या दारात. हातात बिल्डरने सहीसाठी दिलेला इंग्रजी करारनामा.

"मुक्ता बाळा, जरा वाचून सांग गं. नवीन घर कधी देणार, ते यात लिहिलंय का?"

मुक्ताने अख्खा करारनामा वाचला. "काका, तारीखच नाहीये यात. सही करू नका."

काका खूश. निघताना मला म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी. अजून वेळ गेलेली नाही, सायन्सला घाला."

मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. चुकलं का माझं?