फिरायला म्हणून घेतलेलं घर

बाराही महिने राहण्यासाठी ट्रेलर निवडायचा म्हणून मी एक्सेल शीटमध्ये बेचाळीस कॉलम केले होते. त्यांत जमिनीचा कॉलम नव्हता.

खिडक्यांचा होता, बेडच्या लांबीरुंदीचा होता, फ्रिजमध्ये किती दुधाचे कॅन मावतात याचाही होता. पण जमीन प्रत्येक घराला असतेच, असं मी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. गाडीमागे जोडायचं आणि ओढत न्यायचं. इथे न्यू जर्सीत लोक तो सुट्टीत काढतात. आम्हाला सुट्टी नको होती, डोक्यावर छप्पर हवं होतं. मार्चमध्ये माझी नोकरी गेली (पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये, त्यातली चार मिनिटं माझा माइक म्यूट होता) आणि जूनच्या शेवटी पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटचं लीज संपत होतं. नवं भाडं परवडण्यासारखं नव्हतं. मुलगी रेवा कॉलेजात, तिच्या फीला हात लावायचा नाही हे ठरलेलं. माझी बायको मंजिरी घरून मेडिकल बिलिंगचं काम करते, ते कुठूनही करता येतं. तेव्हा तिनेच एके दिवशी लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, "ट्रेलरमध्ये राहिलो तर?"

रेवाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली होमलेस विथ अ किचन."

राहता राहिले अण्णा, माझे वडील. त्यांना सांगितलं नाही.

अण्णांनी पस्तीस वर्षं पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या. पत्रा, रिव्हेट, सांधे, गळती, सगळं हातून गेलेलं. आदल्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. विमानतळावर त्यांच्या दोन बॅगा ढकलत मी म्हणालो होतो, "अण्णा, आता तुम्ही कसलीच काळजी करायची नाही." एकदा असं म्हटल्यावर आठ महिन्यांनी 'नोकरी गेली' कसं म्हणणार? म्हणून मी रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघायचो आणि पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचो. दुपारी बालविभागात गोष्टी वाचून दाखवतात. पाच-सहा आठवड्यांत मला बऱ्याच गोष्टी पाठ झाल्या.

ट्रेलर बघायला अण्णांना बरोबर न्यावंच लागलं, कारण ते घरात एकटे राहिले की आईचा फोटो पुसत बसायचे. "वीकेंडला फिरायला घेतोय," मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पहिला ट्रेलर पेनसिल्व्हेनियात एका म्हाताऱ्याच्या अंगणात होता. लहान, चॉकलेटी पट्ट्यांचा, आत कुत्र्याचा वास. अण्णा कोट काढून सरळ गवतावर आडवे झाले आणि ट्रेलरच्या खाली गेले. म्हाताराही कण्हत कण्हत दुसऱ्या बाजूने खाली गेला. दोघांची भाषा एक नव्हती, पण खालून ठोकल्याचे आवाज येत होते आणि मधूनच दोघंही हुंकार देत होते. बाहेर आले तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग दिसला.

"गाडी चांगली ठेवलीय," ते म्हणाले. "कोपरे कोरडे आहेत. छपराला सांधा नाही."

"पण जुनाट दिसते हो."

"दिसते."

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. उद्या एडिसनमधला कोणी मित्र भेटायला आला आणि त्याने आम्हाला त्या चॉकलेटी डब्यात बघितलं तर? गरिबी आलीच आहे, तर निदान तिला चांगलं किचन असावं असं माझं मत होतं. विचार करून सांगतो म्हणून आम्ही निघालो.

दुसरा ट्रेलर डीलरकडे होता. पांढरंशुभ्र किचन, भिंतीत विजेची शेकोटी, लाकडासारखी चमकणारी नवी कोरी फरशी. बटण दाबलं की बेडरूमची एक भिंत बाहेर सरकायची आणि खोली दुप्पट व्हायची. विकणारा माणूस रॉनी. त्याने माझ्या शीटचं जेवढं कौतुक केलं तेवढं माझ्या ऑफिसात बावीस वर्षांत कोणी केलं नव्हतं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस कॉलम हिरवे झाले.

अण्णा आत सावकाश फिरत होते. बेडजवळ त्यांनी टाच दाबली. पुन्हा दाबली. मग गुडघ्यावर बसून अंगठ्याने फरशी चाचपली.

"किती दिवस वापरणार आहात ही?" त्यांनी विचारलं.

"असंच. वर्षातून चार-पाचदा."

"मग चालेल. एरवी ताडपत्री टाकून ठेवायची." ते उठले आणि हात झटकत म्हणाले, "राहायला मात्र घेऊ नये."

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. मी शेकोटीकडे बघितलं. त्यांच्या वाक्यातला 'चालेल' एवढा शब्द मी उचलला आणि सही केली. 'जसा आहे तसा' अशी अट असलेला कागद होता. तो मी वाचला नाही, कारण रॉनी मला शेकोटीचे रंग बदलून दाखवत होता.

मग एकेक कळत गेलं. ट्रेलरचं वजन मी रिकामा असतानाचं धरलं होतं. पाणी, गाद्या, माणसं आणि मंजिरीचे तीन कुकर धरल्यावर ते आमच्या गाडीला ओढवेना. डीलरने आपल्या ट्रकने तो पोचवून द्यायचं कबूल केलं, पण तिथून पुढे तो हलणार नव्हता. म्हणजे चाकांचा उपयोग फक्त दिसण्यापुरता. नंतर कळलं की बहुतेक ट्रेलर पार्क दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर घेत नाहीत. आमचा अकरा वर्षांचा होता. शिवाय बरेच पार्क थंडीत बंद होतात. मी नऊ ठिकाणी फोन केले. शेवटी दक्षिण जर्सीत पाइनच्या झाडांत एका बाईंनी फोटो मागवले आणि एक जागा दिली. सगळ्या ट्रेलरांची संडासाची टाकी जिथे रिकामी करतात, त्याच्या शेजारची. "बाथरूम जवळ पडेल," असं मी मंजिरीला म्हणालो. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

घाबरून मी पेनसिल्व्हेनियाच्या म्हाताऱ्याला फोन केला. त्याचा ट्रेलर आम्ही गेलो त्याच आठवड्यात विकला गेला होता. "तुझे वडील कसे आहेत?" त्याने विचारलं.

निघायचा दिवस उजाडला. अण्णांनी चार दिवसांचं सामान भरलं होतं: दोन शर्ट, कानटोपी, पत्ते. ते बॅग घेऊन खाली पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले आणि आम्ही एकामागून एक खोकी गाडीत भरताना बघत राहिले. कुकर गेले. हिवाळी कोट गेले. मग मंजिरी टॉवेलात गुंडाळलेला देव्हारा घेऊन आली.

"देव पण येणार फिरायला?" अण्णांनी विचारलं.

सांगावं लागलं. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून, हातात झाडू असताना. नोकरी गेली, घर सोडलं, आता तिथेच राहायचं.

"कधी गेली नोकरी?"

"मार्चमध्ये."

"रोज डबा घेऊन कुठे जायचास?"

"लायब्ररीत."

खाली ठेवलेली बॅग अण्णांनी उचलली, पुन्हा ठेवली. मला वाटलं आता ते नोकरीबद्दल काही म्हणतील, लायब्ररीबद्दल म्हणतील. ते म्हणाले, "आणि ती गाडी राहायला घेतलीस?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला." एवढंच बोलून ते वर गेले आणि उरलेले शर्ट घेऊन आले.

पार्कवर पहिले दहा दिवस बरे गेले. शेकोटी लावली की फ्यूज उडायचा, म्हणून तिच्यावर आम्ही पोळ्यांचा डबा ठेवायला लागलो. अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलत. अकराव्या दिवशी पाऊस सुरू झाला. तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी मंजिरी बेडरूममध्ये उभ्याने मीटिंग करत होती. बेडच्या बाजूला एक पाऊल मागे सरकली आणि स्क्रीनवरून सरळ खाली गेली.

मी धावलो. तिचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत जमिनीत रुतला होता. पोटरीवरून रक्त येत होतं. वरून लॅपटॉपमधून तिच्या मॅनेजरचा आवाज आला, "मंजिरी, डिड वी लूज यू?"

"आय ड्रॉप्ड फॉर अ सेकंड," मंजिरी जमिनीवरून म्हणाली. "प्लीज गो अहेड."

बाहेरून बघितलं तर तिचा पाय ट्रेलरच्या पोटातून लोंबकळत होता. त्यात सपात होती.

अण्णांनी तिच्या पायाला पट्टी बांधली, तिला बाहेर खुर्चीत बसवलं आणि मग ती चमकणारी फरशी एका कोपऱ्यातून उचलली. ती कागदासारखी निघून आली. खालचं प्लायवूड चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखं झालं होतं. सरकणाऱ्या भिंतीच्या कोपऱ्यातून पाणी आत येत होतं, बहुधा कित्येक वर्षं. कोणीतरी त्याच्यावर नवी फरशी चिकटवून दिली होती.

"चला," अण्णा म्हणाले. मला वाटलं भारतात परत चला म्हणतायत. ते हार्डवेअरच्या दुकानात चला म्हणत होते.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं त्या जमिनीवर होतो. म्हणजे अण्णा जमिनीवर आणि मी त्यांच्या हाताखाली. "पाना दे. हा नव्हे. हा पण नव्हे. राहू दे, मी घेतो." बावीस वर्षं मी जी कामं केली त्यातलं एकही तिथे उपयोगी पडलं नाही. एकदा मी शीट उघडून कुजलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढून दिलं. त्यांनी वीत टाकून मोजलं आणि माझा आकडा चुकलेला निघाला.

एका दुपारी, अर्धवट कापलेल्या फळीवर हात ठेवून ते न बघताच म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मला वाटलं, मुलाच्या घरी चाललोय."

"मग?"

"घरातलं पाहुण्यांपासून लपवतात."

माझ्या तोंडात स्क्रू होते. ते काढून मी म्हणालो, "तुम्हाला काळजी द्यायची नव्हती, अण्णा."

"मग काय द्यायचं होतं?"

मी स्क्रू परत तोंडात धरले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, मी एक स्क्रू दिला. तो बरोबर निघाला. त्या दिवसापासून ते मला संध्याकाळी पत्ते खेळायला बोलवायला लागले.

हिवाळा वाईट गेला. दोनदा पाण्याचा पाइप गोठला, खिडक्यांना आतून बर्फ धरायचा, आणि आईच्या श्राद्धाला मंजिरीने खीर केली तेव्हा गॅस मध्येच संपला. आम्ही तिघं कोट घालून कोमट खीर खाल्ली. पण जमीन कोरडी राहिली. शेजारच्या पॅटी नावाच्या बाईंनी ती बघितली आणि अण्णांना आपलं छप्पर दाखवायला नेलं. मग पलीकडच्याने नेलं. अण्णांकडे इंग्रजीचे दोनच निकाल होते, "गुड" आणि "नो गुड," आणि पार्कमध्ये ते कोणी उलटवत नसे. मी दुभाष्या म्हणून मागे उभा राहायचो. लोक मला नावाने ओळखत नव्हते. 'त्या मिस्टर अण्णांचा मुलगा' म्हणायचे, आणि थोड्या दयेनेच म्हणायचे.

फेब्रुवारीत मला एक छोटं कंत्राटी काम मिळालं. पूर्वीच्या मानाने किरकोळ, पण घरून करता येणारं. अपार्टमेंट परवडेल असं अजूनही काही नव्हतं. तेव्हा हा ट्रेलर विकून नीट राहण्यासारखा दुसरा घ्यायचा असं ठरलं. विकताना अण्णांनी घेणाऱ्याला जुनी गळती कुठे होती, जमीन कुठे बदलली, सगळं दाखवायला लावलं. त्याने तरीही घेतला; ताबा मेअखेरीला द्यायचा होता.

एप्रिलमध्ये आम्ही नवीन ट्रेलर बघायला एका डीलरकडे गेलो. गाडीतच कामं वाटली गेली. अण्णा आणि मंजिरी आत जाणार, छप्पर, कोपरे, जमीन सगळं बघणार. विकणारा माणूस सारखा मधे बोलला की अण्णांचं लक्ष उडतं, म्हणून त्याला बाहेर बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडे.

"एवढं जमेल ना?" मंजिरीने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

दीड तास दोघं आत होते. मी त्या माणसाला एक क्षणही आत जाऊ दिलं नाही. शेवटी अण्णा बाहेर आले, रुमालाने हात पुसले आणि "नो गुड" म्हणाले. मंजिरीही मागून उतरली, आणि माझ्या पायाशी ठेवलेलं लांबलचक खोकं बघून थांबली.

"हे काय?"

"ट्रेलरच्या मागे सायकली लावायचा रॅक. सेलमध्ये होता."

"आपल्याकडे सायकल आहे?"

"नाही," मी म्हणालो, "पण तेवढं सोडलं तर रॅकमध्ये काही खोट नाही."