जिन्यावरचे आपटे

आपटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव चौगुले, गाव सांगलीकडचं. पण आमच्या मालकांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात आल्या दिवसापासून हा माणूस सकाळचा चहा झाला की नमुन्याचं एक क्रेट उचलायचा, लोखंडी जिन्याने वर चढायचा आणि तिथून ते खाली फरशीवर आपटायचा. मग खाली येऊन गुडघे टेकायचा आणि क्रेटचे चारी कोपरे बोटाने चाचपायचा. तडा नसला की म्हणायचा, ‘काही झालं नाही.’ घरात मूल झाल्याची बातमी सांगावी, तसा आवाज.

नाव हसीनाने ठेवलं. ती माझ्या शेजारी आंबे निवडायला बसायची. तिसऱ्या दिवशी आवाज झाला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “आले आपटे.” तेव्हापासून ते आपटे. महिन्याभरात मालकही विसरले. पुढे पुढे फोन उचलला की ते स्वतःच म्हणायचे, “आपटे बोलतोय.”

या नावापायी एकदा गंमत झाली. एक वयस्क गृहस्थ वही घेऊन कारखान्यात आले. आपटे घराण्याचा कुलवृत्तांत लिहायचा चालला होता, म्हणून ते गावोगाव फिरून आपटे गोळा करत होते. आमचे साहेब तेव्हा डबा उघडून तळलेला बांगडा खात होते. गृहस्थांनी बांगड्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “आपण कुठले आपटे?”

साहेबांच्या तोंडात काटा. उत्तर हसीनाने दिलं, “जिन्यावरचे.”

गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

आता या माणसाचं काम काय होतं ते सांगते. मालकांची हापूसची बाग होती, आणि कारखान्याला लागूनच आंबे भरायची शेड. आधी आंबा लाकडी पेटीतून जायचा. पेटीला खिळे, खिळ्यांनी आमचे हात फाटायचे, आणि पेटी एकदा गेली की गेली. मालकांना प्लास्टिकचं क्रेट हवं होतं, वर्षानुवर्षं चालणारं. त्यासाठी यांना सांगलीहून आणलं. हे म्हणाले, क्रेट नुसतं टिकून भागत नाही. गाडी वाशीला जाताना आंबे घेऊन जाते आणि येताना काय घेऊन येते? हवा. “मी हवा वाहून आणणार नाही,” असं त्यांनी मालकांना ठणकावलं. भरलेलं क्रेट दुसऱ्यावर उभं राहिलं पाहिजे, आणि तेच क्रेट रिकामं झालं की दुसऱ्याच्या पोटात गेलं पाहिजे. वाट्या एकीत एक जातात ना, तसं.

हे ऐकून मी म्हटलं, “आत जाणारी वस्तू वर कशी राहील? एक काय ते ठरवा.”

“फिरवली की राहते मावशी,” ते म्हणाले. “तोंड एका बाजूला केलं की आत जाते, उलटं केलं की वर राहते.”

“नवऱ्यासारखी,” हसीना म्हणाली.

दोन वर्षं त्यांनी त्या एका साच्यावर घालवली. रिकामं क्रेट आपटून झालं की जांभ्याचे तुकडे भरून आपटायचे. सपाट पडलं तर त्यांना समाधान नसायचं. “सपाट पडल्यावर कुणीही वाचतं. कोपऱ्यावर पडल्यावर कळतं,” हे त्यांचं वाक्य. काही क्रेटं त्यांनी पत्र्यावर उन्हात टाकून ठेवली होती. महिन्या-महिन्याला एक खाली आणून आपटायचे आणि कुठलं किती वाळलं ते लिहायचे. आम्ही पत्र्यावर मिरच्या वाळवतो, यांनी क्रेटं वाळवली. एखाद्याला तडा गेला की म्हणायचे, ‘दाणे हलके वापरले,’ म्हणजे वितळवून क्रेट करतात ते प्लास्टिकचे दाणे. एक प्रकार असा झाला की एकात एक गेलेली क्रेटं सुटेचनात. दोन बाया इकडून, दोन तिकडून, ओढाताण. मी म्हटलं, स्टीलचे पेले असे अडकले की खालच्याला गरम पाणी आणि वरच्याला गार. त्यांनी ते खरंच करून बघितलं. क्रेट सुटलं नाही, पण शेड धुऊन निघाली. मग त्यांनी आतल्या बाजूने चार बारक्या गाठी ठेवल्या, म्हणजे क्रेट आत जाईल पण गच्च बसणार नाही.

वजन तपासायला त्यांना माणूस लागायचा. एकदा त्यांनी सगळ्या बायांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

“मावशी, जरा यावर बसता?”

“मीच का?”

“तुम्ही भरवशाच्या आहात.”

जाड आहात असं तोंडावर न म्हणण्याइतकी अक्कल त्यांना होती. मी बसले. त्यांनी हातातल्या घड्याळात बघून दहा मिनिटं मोजली. क्रेटच्या बरगड्या जराही वाकल्या नाहीत. “काही झालं नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “क्रेटला झालं नाही. माझ्या कमरेचं लिहा.” तर त्यांनी वहीत लिहिलं, ‘बसायला टोचते.’ पुढच्या वेळी क्रेटच्या कडा गोल होऊन आल्या. माणसाचं म्हणणं लिहून घेणारा साहेब मी तोवर बघितला नव्हता.

बाकी त्यांचं डोकं सगळीकडे तिथेच अडकलेलं. चहाच्या टपरीवर पेले एकात एक घालून बघायचे. एकदा माझ्या घरी कोकमं न्यायला आले आणि थेट फळीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्या फळीवर श्रीखंडाचे डबे, आईस्क्रीमचे डबे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, जे मिळेल ते. कुठलं झाकण कुठल्याला बसत नाही. ते म्हणाले, “मावशी, तुमचे डबे एकमेकांशी बोलत नाहीत.”

“घरातली माणसं बोलत नाहीत, डबे कुठले बोलतायत?” मी म्हटलं. माझं तेव्हा सुनेशी बिनसलं होतं. ते तासभर बसले, पिठाच्या डब्यावर मिठाचा, त्यावर हळदीचा अशी उतरंड रचून गेले. दुसऱ्या दिवशी मला मीठ सापडेना आणि सुनेला हळद. एकमेकींना विचारावंच लागलं. बोलणं तिथून सुरू झालं. याचं श्रेय त्यांना देत नाही, त्यांनी ते मुद्दाम केलेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना माझी चूक सांगावी लागते, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

साचा तयार झाला, क्रेटं निघाली, आंब्याचा हंगाम आला. क्रेटच्या एका टोकाला त्यांनी तांबडा पट्टा दिला होता, दुसरं टोक कोरं. गाडी भरायच्या आदल्या दिवशी आम्हाला उभं करून समजावलं. भरलेलं क्रेट खालच्यावर ठेवताना एकशे ऐंशी अंशांत फिरवायचं.

“एकशे ऐंशी अंश?” हसीना माझ्या कानात म्हणाली. “एवढ्या तापात माणूस मरतो.”

मला हसू आलं आणि पुढचं मी ऐकलं नाही. मी शाळा चौथीपर्यंत केली. तिथे एक गोष्ट पक्की शिकले, रांग सरळ पाहिजे. दुसऱ्या दिवशी क्रेटं लावून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी बायांना सांगितलं, “रंगाला रंग लावा. तांबड्यावर तांबडं. वेडंवाकडं दिसता कामा नये.” आणि काय देखणी गाडी लागली! एका बाजूला सगळं तांबडं, एका बाजूला सगळं कोरं. वरचं क्रेट ठेवलं की जरासं खाली जाऊन बसायचं. आम्हाला वाटलं, काय घट्ट बसतंय.

घट्ट बसत नव्हतं. आत जात होतं. वरच्या क्रेटचा सगळा भार खालच्या आंब्यांवर.

हातखंब्यापर्यंत गेल्यावर ड्रायव्हरला गाडीतून रस गळताना दिसला. त्याने गाडी परत आणली. वरची दोन क्रेटं बरी, खाली सगळा लगदा. मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “आपटे, रसच पाठवायचा होता तर पिंपात नसता का पाठवला? क्रेट कशाला केलंत?” मग म्हणाले, “अजून एक गाडी देतो. तीही अशी परत आली तर साचा भंगारात, आणि तुम्ही सांगलीला.”

साहेबांचं वय तेव्हा बावन्न. सांगलीचा कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसून मग त्यांना हे काम मिळालं होतं. तिकडे बायको आणि शिकणारी मुलगी. या वयात दुसरा साचा कुणी हातात देत नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मालकांनी विचारलं, “गाडी लावली कुणी?”

मी तोंड उघडलं नाही. सगळ्या बाया जमिनीकडे बघत होत्या. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, “लावणाऱ्याचं काही नाही. खूण चुकली. खूण माझी आहे.”

मालक गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, “मी लावली. तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं नाही.”

“मावशी, जी खूण सांगून कळते, ती खूण नव्हे,” ते म्हणाले. “तुम्ही नीटनेटक्या आहात म्हणून आंबा फुटला. उद्या वाशीला दुसरी कुणी नीटनेटकी बाई असेल. मी कुणाकुणाला सांगत फिरू?”

त्यांनी ओरडावं, म्हणजे मलाही चार शब्द सुनावता येतील, अशी माझी तयारी होती. ती फुकट गेली. फुटके आंबे बायांनी घरी नेले. त्या आठवड्यात आमच्या वाडीत घरोघर आंब्याची साठं वाळत होती आणि मला त्यांचा वास सहन होत नव्हता.

तीन-चार दिवसांनी एक नवी पोरगी भरायला आली. ती आंब्यावर आंबा रचत सुटली. मी तिच्या हातावर चापटी मारली. “आंब्यावर आंबा ठेवतेस? मधे पेंढा कोण घालणार, तुझा बाप?” हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आंब्याचा थर, त्यावर भाताचा पेंढा, मग पुन्हा आंबा. आंब्यावर आंबा बघितला की आमचे हात आपोआप पुढे होतात.

बोलले आणि तशीच उठले. साहेब जिन्याच्या पायरीवर क्रेट मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, “तो तांबडा पट्टा काढून टाका. एका टोकाला आंबा काढा, दुसऱ्या टोकाला पेंढ्याची पेंडी. भरलेल्या क्रेटाच्या आंब्यावर आंबा आला तर इथली कुठलीही बाई हात लावून फिरवील. तिला अंश सांगायला नकोत.”

ते उठले, जिन्याने अर्धे वर गेले, पुन्हा खाली आले. “आणि रिकामं असलं की?”

“रिकाम्याला पेंढा कशाला? आंब्यावर आंबा, जाऊ दे आत.”

त्यांनी लगेच कागदावर चित्र काढून दाखवलं. लांबट, खाली चोच आलेलं. मी बघितलं आणि म्हटलं, “हा तोतापुरी आहे. रत्नागिरीत राहायचं आहे ना?” हसीनाने एक हापूस आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “साहेब, बघून काढा. नापास झालात तर गाव सोडावं लागेल.” चौथ्या वेळी जमला. तो साच्यात खोदून घेतला.

दुसऱ्या गाडीच्या दिवशी साहेबांनी कुणाला एक शब्द सांगितला नाही. मलाही सांगू दिला नाही. पत्र्याखाली उभे राहून बघत होते, हात मागे बांधलेले. त्या नव्या पोरीने एक क्रेट दुसऱ्यावर ठेवलं, थबकली, माझ्याकडे चोरून बघितलं आणि क्रेट फिरवलं. आंब्यावर पेंढा. साहेबांनी मान दुसरीकडे वळवली आणि चष्मा पुसत बसले. चष्म्याला काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीहून मालकांना फोन आला. मालकांनी फोन ठेवला, शेडच्या दारात आले आणि म्हणाले, “आपटे, काही झालं नाही.”

त्यानंतर ते आठ वर्षं होते. मासळीची क्रेटं केली, काजूची केली, सगळी जिन्यावरून आपटून. मग वय झालं, सांगलीला परत गेले. जायच्या आधी घरी आले आणि मला एक क्रेट दिलं. बघते तर त्यावर तोतापुरी. तोच पहिला आंबा त्यांनी एकाच क्रेटावर हाताने कोरला होता.

“टिकेल का?” मी विचारलं.

“तुमच्यापेक्षा जास्त.”

“बघू.”

त्यात मी कांदे ठेवते. मधूनमधून त्यांचा फोन यायचा. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा आवाज बारीक होता. “आपटे बोलतोय. मावशी, मी पडलो. जिन्यावरून.”

“किती उंचीवरून?”

“तीन-चार पायऱ्या.”

“सपाट की कोपऱ्यावर?”

“कोपऱ्यावर. खुब्यावर.”

“तडा गेला?”

“गेला.”

“मग दाणे हलके वापरलेत,” मी म्हटलं. ते इतके हसले की पलीकडून बायको ओरडल्याचं मला ऐकू आलं.

ते अंथरुणातून पुन्हा नीट उठले नाहीत. या वर्षी आंब्याला मोहोर होता तेव्हा त्यांच्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “चौगुले बोलतेय.” मला क्षणभर कळेना, कोण चौगुले. मग कळलं. ती रडत होती, मी ऐकत होते. हसीनाला सांगितलं पाहिजे, एवढंच मनात आलं.

फोन ठेवला. क्रेटातले कांदे जमिनीवर ओतले. क्रेट घेऊन माळ्याच्या शिडीवर चढले, गुडघे कुरकुरले तरी चढले, आणि क्रेट कोपऱ्यावर पडेल असं धरून खाली सोडलं. पडवीत जांभ्याची फरशी आहे. आवाज मोठा झाला.

“आई, काय झालं?” सून आतून धावत आली.

मी खाली उतरले, गुडघे टेकले आणि चारी कोपरे बोटाने चाचपून बघितले.

“काही झालं नाही,” मी म्हटलं.