कणकेचा गोळा
कणीक मळताना तिचा वास आला, की कुरुळी गावातली माझी पहिली खोली आठवते. नववीत शाळा सोडून परभणीहून आलो होतो आणि जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांना फायबरची बॉडी बसवणाऱ्या एका शेडमध्ये लागलो होतो. पहिल्याच दिवशी एका लाल टू-सीटरचं नवं नाक, म्हणजे बॉडीचा पुढचा भाग, जागेवर बसेना, म्हणून दिवसभर त्याच्या कडा घासल्या. संध्याकाळी फायबरमधल्या काचेची बारीक कुसळं दोन्ही हातांत रुतून नुसती आग होत होती. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, सकाळी गावी जायचं, असं ठरवून बॅग भरत होतो. घरी काय सांगायचं याचीच धास्ती होती. तेवढ्यात घरमालकीण मावशी दारात आल्या आणि माझे लाल झालेले हात नि बॅग पाहून काय ते समजल्या. "कुसळाला भिऊन पळतो व्हय रं?" म्हणत त्यांनी मळलेल्या कणकेचा गोळा माझ्या हातांवरून कोपरापासून बोटांपर्यंत फिरवला. कुसळं त्याला चिकटून निघत गेली, तशी आग निवत गेली. "आता ह्याची चपाती मागू नगंस," त्या हसल्या. मी बॅग पुन्हा रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी ते लाल नाक माझ्याच हातून बसलं. आता शेडमध्ये कुणी नवा आला, की माझ्या डब्यात पोळीशेजारी कच्च्या कणकेचा एक गोळा असतोच.