बैठकीतलं वाह पेडल

इलेक्ट्रिक गिटार मी घेतली नाही, ती माझ्या गळ्यात पडली. मुलानं अकरावीत हट्ट करून ती घ्यायला लावली, बारावीत अभ्यासाचं कारण सांगून सोडली, आणि पुण्याला शिकायला जाताना गिटार सोडून सगळं सामान नेलं. बायको म्हणाली, "विकून तरी टाका." मी म्हणालो, "बघतो." बघता बघता वाजवायला लागलो. माझ्या वयाचे ऑफिसातले लोक तेव्हा रिटायर झाल्यावर हापूसची किती कलमं लावायची याचे हिशेब करत होते.

आम्ही राहतो रत्नागिरीत फ्लॅटमध्ये, गाव तिथून स्कूटरवर तासाभराचं. गावच्या वाडीत जाखडी नाचाची पार्टी आहे. गोलात नाचणारे नाचतात, आणि मधोमध सतरंजीवर शाहीर आणि वाजवणारे बसतात. त्या सतरंजीवर मला जागा मिळाली ती माझ्या वाजवण्यामुळे नव्हे. वाडीत इलेक्ट्रिक गिटार एकच होती आणि समोरच्या पार्टीकडे एकही नव्हती, म्हणून मिळाली. पहिल्या वर्षी मी गणपतीत पाच बाऱ्या, म्हणजे दोन पार्ट्यांचे सामने, वाजवल्या. मृदंग, ढोलकी, झांज, टुणटुणं आणि डझनभर पायांतले चाळ यांच्या मधे बसून मी काय वाजवत होतो ते फक्त मला ठाऊक होतं. कधी कधी मलाही नव्हतं.

पुढच्या श्रावणात तालमी सुरू झाल्या तेव्हा शाहीर सरळच म्हणाले, "तुजी गिटार दिसते चांगली. पण आयकू येत नाय."

"आवाज वाढवतो."

"आवाज वाढवलास तर माजा आयकू येत नाय. असा काय तरी कर, की मधेच लोकांनी माना वळवल्या पायजेत. नायतर यंदा मुंबईचा भाचा येतोय माजा. कीबोर्ड घेऊन येतोय. त्यात गिटारीचा बटनच हाय म्हणतो."

म्हणजे गणपतीपर्यंत माना वळल्या नाहीत, तर सतरंजीवरची माझी जागा भाच्याच्या एका बटणाला जाणार होती. साहेबांच्या चार तासांच्या मीटिंगमध्येही मी कधी इतका घाबरलो नव्हतो.

माना वळवण्याचा उपाय मला मोबाइलवर सापडला. वाह पेडल. बुटाएवढी लोखंडी पेटी, तिच्यावर पुढे-मागे झुकणारी पट्टी. गिटारीची वायर तिच्यातून न्यायची आणि वाजवताना पट्टी पायानं खाली-वर करायची. मग सूर कुणीतरी तोंड उघडून मिटल्यासारखा 'वाऽह, वाऽह' करत येतो. म्हणजे गिटार स्वतःच स्वतःला दाद देते. मला दुसरं कुणी दाद देण्याचा संभव कमी असल्यामुळे हे यंत्र मला एकदम पटलं.

आता ते परवडणारं हवं. 'परवडणारं' हा शब्द परदेशातले दाढीवाले गृहस्थ व्हिडिओत फार सैल वापरतात. त्यांनी 'नवशिक्यांना उत्तम' म्हणून दाखवलेल्या पेडलच्या किमतीत आमच्या गावच्या घराची कौलं बदलून झाली असती. त्याखालोखाल एक तळहाताएवढं चिनी पेडल होतं, पण त्यावर माझा पाय ठेवला की पेडल दिसायचं बंद होईल अशी शंका आली. तिसरं होतं थ्री-इन-वन. आवाज कमी-जास्त करणं, वाह करणं आणि आवाज फाडणं ही तिन्ही कामं ते करतं म्हणे. एका व्हिडिओत ते तिन्ही कामं एकदम करताना ऐकलं आणि रद्द केलं.

रत्नागिरीत वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे पेट्या, तबले आणि शाळांच्या बँडचे ढोल. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

"वाह पेडल? आहे म्हणजे, मागवता येईल. पायाचा नंबर काय?"

मी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "आठ."

त्यानं गंभीरपणे लिहून घेतलं. दुकानाच्या पायऱ्या उतरून स्कूटरला किल्ली लावताना मला कळलं की आम्हा दोघांपैकी एक गाढव आहे, आणि दुसराही.

मग जुनं घ्यावं म्हणून जाहिरात पाहून कोल्हापूरच्या एका माणसाला फोन केला.

"घ्या की वो साहेब, लई भारी पीस हाय. दणका देतोय नुसता."

"काही दोष?"

"दोष न्हाई वो. फकस्त अधनंमधनं वाजत न्हाई."

असा पीस सतरंजीवर आधीच एक बसला होता. दुसरा नको होता.

शेवटी मी मध्यम किमतीचं, नवं, भरीव लोखंडाचं निवडलं. निवडताना मी अक्कल पणाला लावली. आमच्याकडच्या दमट हवेत असल्या यंत्रांच्या पोटात गंज धरतो आणि सूर खरखरतो, म्हणून झाकण घट्ट बसणारं घेतलं. वजनदार घेतलं, म्हणजे सतरंजीवर सरकायला नको. आणि बॅटरीवर चालणारं घेतलं, कारण गणपतीत वाडीतली लाइट जातेच. लाइट गेल्यावर गिटारीचा स्पीकरही जातो आणि मग बॅटरीवर चालणारं पेडल फक्त पायाच्या व्यायामाला उरतं, हे बायकोनं पार्सल फोडताना सांगितलं.

"आणि अहो," ती पुढं म्हणाली, "दोन हात गुंतलेत म्हणून पायाला काम लावलंत. तोंड मोकळं आहे अजून. त्याला काय घेणार?"

मी दुर्लक्ष केलं. पुढचे कितीतरी दिवस मी हॉलमध्ये उभं राहून, व्हिडिओतल्यासारखे पायात बूट घालून, आरशासमोर सराव केला. खरं सांगतो, जमायला लागलं. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की आमच्याकडे कुणाला बरं नाही का.

तालमीला पेडल न्यायचा दिवस आला. आता नवी वस्तू अशीच कशी न्यायची? आमच्याकडे स्कूटर, मिक्सर, गॅसची शेगडी, काहीही आलं की त्याला हळदकुंकू लागतं. बायको म्हणाली, "एक फूल ठेवा, पुरे." पण सतरंजीवरच्या जागेचा प्रश्न होता, म्हणून माझी भक्ती उतू चालली होती. मी कुंकू ओलं करून पट्टीच्या मधोमध, काळ्या रबरावर, चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. चारी ठिपके दिले. नारळ फोडला. पाणी उडालं ते मात्र झाकण घट्ट असल्यामुळे आत गेलं नाही. माझ्या निवडीचा झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग.

तालीम देवळाच्या सभामंडपात. सगळे चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसले. मी गिटार घेऊन उभाच.

"बस की," शाहीर म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी पेडलचं वजन पाहिलं, झाकण पाहिलं, बॅटरी पाहिली. मी वाजवणार कसा, हे पाहिलंच नाही. आमच्यात कुणी उभं राहून वाजवत नाही. व्हिडिओतले सगळे दाढीवाले उभे होते आणि मी त्यांच्याबरोबर मनानं उभा होतो.

"उभ्यानं वाजवतो," मी म्हणालो.

"शाहीर खाली आणि तू वर? नाचतील ते तुज्याभोवती नाचतील काय?"

बसलो. मांडी घातल्यावर पाय पेडलपर्यंत पोचेना. मग एक पाय लांब केला. तो पोचला, पण त्याचा रोख गाभाऱ्याकडे होता. मागच्या दोघांनी एकदम "पाय, पाय!" केलं. मी सबंध फिरलो, तर पाय शाहिरांच्या तोंडासमोर. शेवटी एक गुडघा वर, एक मांडी अर्धी, अशा आसनात कशीबशी टाच पट्टीवर टेकवली. आता वाजवणार, एवढ्यात मृदंग थांबला.

मृदंगावर आबा बसतात. मृदंगाला नमस्कार केल्याशिवाय त्याला बोट लावत नाहीत, आणि त्यावरून कुणाचा पाय गेला तर त्या दिवशी तालीम बंद ठेवतात.

"वाद्याला पाय लावलास?" आबांनी विचारलं.

"आबा, हे वाद्य नाही. यंत्र आहे."

"सूर निगतो ना त्यातून?"

"सूर गिटारीतून निघतो. हे नुसतं तो वाकवतं."

"मंग वाद्यच की ता. मृदंग काय आणखी करतो?"

मी हुशारी केली. "आबा, जुन्या नाटकांतली पायपेटी आठवा. ती पायानंच वाजवत होते ना?"

आबा जरा थांबले. मंडळींत कुजबूज झाली. शाहीर म्हणाले, "ता बाकी खरा हाय. पायपेटीला पाय लावीत." मला वाटलं, जिंकलो. आबा म्हणाले, "बगू तरी," आणि त्यांनी पेडल दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरलं.

रबरावर स्वस्तिक होतं. माझ्या टाचेनं एक बाजू पुसट झाली होती, पण ठिपके शाबूत.

"ह्या कुनी काढलान?"

"मीच."

"पुजा केलीस?"

"केली."

"नारळ?"

"फोडला."

"आनि मंग त्येच्यावर पाय दिलास!"

पूजा न करता नेलं असतं तर यंत्र म्हणून खपलं असतं. मी स्वतःच्या हातानं त्याला देव केलं आणि स्वतःच्या पायानं तुडवलं, तेही देवळात, साक्षीदारांसमोर. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, पण रबरानं कुंकू पिऊन टाकलं होतं. आबांनी पेडल देवापुढच्या नारळाशेजारी पाटावर ठेवलं आणि मला सांगितलं, आधी त्याच्या पाया पड. मी पडलो. ज्याला पायानं वाजवायचं त्याच्या पाया पडणारा माझ्याआधी कुणी झाला असेल असं वाटत नाही.

शाहिरांनी निवाडा दिला. पेडल राहील, पण पाय लागणार नाही. हातानं दाब.

"दोन्ही हात गिटारीवर असतात, शाहीर."

"मंग एक काय तरी सोड."

गणपतीला आठवडा उरला आणि भाचा मुंबईहून आला. तिशीतला, पोट सुटलेला, हसतमुख गडी. कीबोर्ड मात्र आला नव्हता. बसवाल्यानं तो गणपतीच्या गर्दीत डिकीत घ्यायला साफ नकार दिला होता. मी मनातून हुरळलो, पण भाच्याला सतरंजीवर बसवायचंच असं शाहिरांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं. जागा मात्र एकच, माझी. आता भाचा रिकामा आणि मी दोनच हातांचा. शाहिरांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा सरकून बसा."

अशी आमची बैठक ठरली. मी गिटार वाजवायची आणि भाच्यानं शेजारी बसून दोन्ही तळव्यांनी पेडल दाबायचं.

"काका, टेन्शन नको. तुम्ही फक्त वाजवा," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

त्यानं खरंच बघितलं. बारीच्या दिवशी गण झाला, गवळण सुरू झाली आणि भाच्यानं पट्टी दाबली. काय तो सूर उघडला! पण माझ्या गिटारीच्या तालावर दाबणं त्याला मान्य नव्हतं, तो नाचणाऱ्यांच्या चाळांवर दाबत होता. दाबताना डोळे मिटत होता, मान टाकत होता, मधेच एक हात हवेत उडवत होता. माना वळल्या. पहिल्यांदा बायकांच्या रांगेतल्या, मग सगळ्या मंडपातल्या. माझी बोटं कुठं होती ते मला आठवत नाही. एका ठिकाणी मी वाजवायचं थांबलो होतो हे नक्की, कारण टाळ्या तिथेच सर्वांत जास्त पडल्या.

बारी संपल्यावर समोरच्या पार्टीचा शाहीर खास उठून आला. माझ्या खांद्यावरून हात पुढं करून त्यानं भाच्याचा हात हातात घेतला. "काय दाबलान पठ्ठ्यानं!"

मी शाहिरांना बाजूला घेऊन विचारलं, "मग? माझ्या जागेचं काय?"

"तुजी जागा हाय तिथंच हाय," शाहीर म्हणाले. "गिटार नसली तर तो दाबनार काय?"

गौरी-गणपती गेले आणि भाच्याची रजा संपली. बाऱ्या अजून बाकी होत्या. शाहिरांनी दाबणारा हवा असं वाडीत सांगितलं, तर तीन घरांतून माणसं आली. एक तर एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, क्लच दाबून पाय थकले, आता हात मोकळे आहेत म्हणाला. आबांनी प्रत्येकाला आधी पेडलला नमस्कार करायला लावला, मग परीक्षा घेतली. मी प्रत्येकासाठी तोच तुकडा वाजवत बसलो होतो. माझी परीक्षा घ्यावी असं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं नाही हे बरंच झालं.

ड्रायव्हर पास झाला. आता तालीम असली की संध्याकाळी शाहिरांचा फोन येतो. आधी पेडल आणायची आठवण करतात, मग सांगतात, "दाबनारा येऊन बसलाय. तू पण ये."

मी जातो.