कोतवाल श्रावणजी आणि टोलीचे खरे वय

स्वराज्य आले त्या वर्षी गावचे जमीनदार असलेल्या मालगुजारांचे वडील वारले. मी तेव्हा गावात नवखा होतो. गोंदियाच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली, मग कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, विकली, आणि तेवढ्यावर इथे येऊन धानाची गिरणी टाकली होती. समाचाराला म्हणून मालगुजारांच्या ओसरीवर बसलो असताना पट्टा-बिल्ला घातलेले, काखेत वही धरलेले एक गृहस्थ अंगणात येऊन उभे राहिले. हेच आपल्या गावचे कोतवाल, श्री. श्रावण डोमाजी मेश्राम. गावात कोण जन्मले, कोण गेले, ते वहीत उतरवून दर आठवड्याला अर्जुनीच्या ठाण्यात कळवायचे, हे त्यांचे काम.

"वय?" त्यांनी विचारले.

"ब्याऐंशी."

"कारण?"

"कारण काय विचारता? म्हातारपण!" मालगुजार म्हणाले.

श्रावणजींनी तो शब्द सावकाश लिहिला आणि वळता वळता स्वतःशीच पुटपुटले, "हे खरं म्हातारपण." माझे कान पहिल्यापासून तिखट. उठून त्यांच्या मागे गेलो. "काऊन जी, खोटं म्हातारपण बी राहते का?"

"राहते ना जी. सोमवारी टोलीतली, आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतली, एक बाय गेली. घरच्यांनी हाच शब्द लिहाले सांगितला. माझ्याहून लहान होती. चाळीस बी पुरे नव्हते."

मी 'अरेरे' म्हणालो, विडी पेटवली आणि विसरून गेलो. श्रावणजी विसरले नाहीत. आमच्यातला फरक तेवढाच आहे, आणि आज साठीनिमित्त या ग्रंथात गौरव त्यांचा होत आहे तो त्याच फरकामुळे.

श्रावणजींचे शिक्षण दुसरी इयत्ता. तेही शाळेच्या ओट्यावर, दाराबाहेर बसून झालेले. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत वडील गेले आणि मिसरूड फुटण्याच्या वयात पट्टा त्यांच्या गळ्यात आला. तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी त्यांनी आपल्यापुरत्या दुसऱ्या वहीत उतरवून ठेवल्या. सरकारने हे काम सांगितले नव्हते. अशा किती वह्या झाल्या हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते माझी फजिती झाली त्या दिवशी.

आमच्या गिरणीत उसना, म्हणजे उकडा, तांदूळ होतो. धान हौदात भिजवायचे, उकडायचे, आणि ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन आवारात वाळत घालायचे. हे काम टोलीतल्या बायांचे. एकदा एक बाई टोपलीसकट पडली. मी घाबरलो आणि नेम केला की पन्नाशीच्या वरच्या बाईला कामावर घ्यायचे नाही. मुनीमजींनी सगळ्यांना ओळीने उभे केले. पांढरे केस, पडलेले दात, वाकलेली कंबर पाहून सात जणी बाजूला काढल्या आणि घरी पाठवल्या. आपण दया केली, असेच मला वाटत होते.

चौथ्या दिवशी सकाळी श्रावणजी त्या सात जणींना घेऊन गिरणीत आले. बरोबर पत्र्याची पेटी. पेटी उघडून एकेक वही काढली.

"सखू," त्यांनी वाचले. "मानमोडीच्या पुढच्या साली जन्म. मीच ठाण्यात सांगून आलो होतो. आज छत्तीस." मग दुसरी, तिसरी. सातांत सगळ्यांत मोठी सदतीस वर्षांची निघाली. मुनीमजी चष्मा पुसू लागले.

"सेठजी, तुमचं वय?" श्रावणजींनी अगदी नम्रपणे विचारले.

"एकोणपन्नास," मी छाती काढून म्हणालो. माझा तेव्हा एकही केस पांढरा नव्हता.

"मंग तुमचा नेम पहिले कोणाले लागते जी?"

सखूबाईंनी तोंडाला पदर लावला, पण आवाज काही कमी केला नाही. "पुढच्या साली सेठजीले बी घरी बसवा गा! भाकरी आम्ही आणून देऊ!"

सारी गिरणी हसली. मीही हसलो, पण हसू लवकर ओसरले. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान बाई समोर उभी होती आणि तिला मी आजवर 'म्हातारी' म्हणून हाक मारत आलो होतो.

"असं काऊन झालं, श्रावणजी?" मी विचारले.

"बाराव्या वर्षी लगन, सात बाळंतपणं, पोटात पेज, पियाले बोडीच्या डबक्याचं पाणी, अन् डोक्यावर तुमची ओली टोपली. देहाले पंचांग समजत नाही, सेठजी. ओझं समजते."

त्या सात जणी त्याच दिवशी कामावर आल्या. यात माझा मोठेपणा कोणी पाहू नये. त्यांच्यावाचून तीन दिवसांत उसन्याला वास सुटला होता. पण डोक्यावरची टोपली गेली आणि हातगाडी आली, ती श्रावणजींमुळे. टोलीत विहीर झाली तीही त्यांच्यामुळेच. पंचायतीच्या बैठकीत त्यांनी भाषण केले नाही. मालगुजारांच्या आळीत लोक कोणत्या वयात गेले आणि टोलीत कोणत्या वयात गेले, एवढेच वहीतून वाचत राहिले. एक सभासद वैतागून म्हणाले, "बस करा ना जी, किती मेलेले वाचता!" श्रावणजी म्हणाले, "विहीर मंजूर करा, मंग वाचाले कमी उरतील." आणि पुढचे पान उलटले. विहीर मंजूर झाली.

ही वही त्यांनी घरच्यांसाठीही झाकून ठेवली नाही. सख्ख्या भावाने बारा वर्षांची मुलगी पंधराची म्हणून उजवायला काढली, तेव्हा मांडवात उभे राहून त्यांनी तिची जन्माची नोंद वाचली. वऱ्हाड परत गेले. भाऊ दोन वर्षे बोलला नाही. आज तीच पुतणी, यशोदाबाई, दाईचे शिक्षण घेऊन टोलीत काम करते, आणि ती आल्यापासून बाळंतपणात बाई गेल्याची नोंद काकांना करावी लागलेली नाही. भाऊ आता सत्कार समितीत आहे, आणि सर्वांत मोठ्याने तोच बोलतो.

या सत्काराची कल्पना घेऊन आम्ही गेलो तेव्हा श्रावणजी म्हणाले, "कायले जी? मी काय केलं? मेलो नाही, एवढंच!"

श्रावणजी, तेच तर मोठे काम आहे. आपले वडील चाळिशीच्या आत गेले, आजोबा पंचेचाळिशीपर्यंत पोचले की नाही याची खात्री नाही. आपल्या घरात साठी पाहिलेले आपण पहिलेच, आणि टोलीतही पहिलेच. सत्काराच्या दिवशी डफ वाजवत सगळी टोली आपल्याला मिरवणार आहे, आणि हार घालण्याचा पहिला मान सखूबाईंनी मागून घेतला आहे. त्यांच्याशी वाद घालण्याची आमच्यात कोणाची छाती नाही.

आपली नजर, चाल आणि अक्षर अशीच धड राहोत. शंभरीचा हारही टोलीनेच आपल्याला घालावा. मात्र आपल्यासाठी मागताना मी टोलीसाठीही मागतो. तिथे साठी गाठणारे इतके व्हावेत की पुढे कोणाला साठ वर्षे झाली म्हणून असा ग्रंथ काढण्याचे कोणाच्या मनातही येऊ नये.