कंपनीची लेन्स आणि दुसरी

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला एक रोग जडतो. हातात कोणतीही लेन्स असो, पक्षी तिच्या आवाक्याच्या जरा पलीकडेच बसलेला वाटतो. मला हा रोग बँकेतली नोकरी सांभाळून जडला आणि जायकवाडीच्या काठावर दर हिवाळ्यात बळावत गेला. शेवटी मोठी झूम लेन्स घ्यायची ठरली आणि घरात वाद सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं, कॅमेरा ज्या कंपनीचा, लेन्सही त्याच कंपनीची घ्यावी. माझ्याबरोबर फोटो काढणाऱ्यांचं म्हणणं, थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेली घे, निम्म्या किमतीत दीडपट लांबचं दिसतं. नवऱ्यानं जन्मात मोबाइलखेरीज कशानं फोटो काढलेला नाही, पण मत मात्र ठाम. असल्या ठाम माणसांचा मला भारी राग येतो.

पैठण गेटजवळचा दुकानदार जुना ओळखीचा होता. "मॅडम, झगडा कायकू? दोनों लेके जाव. इतवार कू चलाके देखो, जो दिल कू भाया वो रख लेव," म्हणाला आणि दोन्ही डबे माझ्यापुढं सरकवले.

त्याच आठवड्यात माझे वडील लासूर स्टेशनच्या मार्केटला कांदा घालून आमच्याकडं राहायला आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. टेबलावरच्या दोन्ही लेन्स त्यांनी हातात घेऊन जोखल्या. "ट्रॅक्टरला म्या कदी कंपनीचं फिल्टर टाकलं नाय. पळतोय का नाय?" असं म्हणाले, तेव्हा मी नवऱ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग लेन्स टेबलावर ठेवत दादा म्हणाले, "ब्रेकचं सामान मातर कंपनीचंच घेतो बरं का, माय." आता विजयी मुद्रा नवऱ्याची होती.

रविवारी अजिंठ्याला जायचं ठरलं. सगळं आयुष्य याच जिल्ह्यात काढून दादांनी लेणी पाहिली नव्हती. मला वाघूर नदीच्या दरीवर लेन्सची परीक्षा घ्यायची होती. लोक त्यासाठी विटांच्या भिंतीचे किंवा वर्तमानपत्राचे फोटो काढतात. मला त्याहून चांगली गोष्ट माहीत होती. लेण्यांच्या वरच्या कड्याला आग्या मोहोळं लोंबत असतात. त्यांच्या कडेची एकेक माशी सुटी दिसली, तर लेन्स खरी.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी ज्वारी काढताना दादांच्या मानेला एकच माशी चावली होती. घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या, गंगापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं आणि बजावलं, पुन्हा चावली तर खैर नाही. दादांना ते हसण्यावारी न्यायची हौस. "माशीनं मानूस मरतो व्हय?" आम्हीही हळूहळू विसरल्यासारखं केलं. लेण्यांखालून रोज शेकडो माणसं जातात, कुणाला काही होत नाही, असा माझा हिशेब होता.

गाडीचं दार उघडलं तर आत हिन्याचा वास भरलेला. गावाबाहेर पडायचं म्हणजे दादा कानात अत्तराचा फाया घालायचे. आजोबांपासूनची सवय. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आमच्या घरातला फाया काही गेला नाही. मला त्या वासानं डोकं दुखतं, म्हणून मी कुरकुरत काच खाली केली. तेवढंच केलं.

होळीच्या आसपासचे दिवस होते. सिल्लोड मागं पडलं तसं ऊन पांढरं पडत गेलं. फर्दापूरला मी नवऱ्याला आणि दादांना लेण्यांच्या बसमध्ये बसवलं आणि दादांना सांगितलं, "मी समोरच्या कड्यावर जाते. तिथून तुमचा फोटो काढते." त्यांनी लगेच टोपी चाचपली. मी गाडी घाटातून परत वर घेऊन व्ह्यू पॉइंटला गेले.

तिथं वारा अजिबात नव्हता. खालची नदी कोरडी, झाडं करपलेली. एरवी तिथली वानरं पिशव्या ओढतात, त्या दिवशी एकही दिसेना. एक दुकानवाला टपरीत अंग चोरून बसला होता. मला ते सगळं आवडलं नाही, पण लेन्ससाठी उजेड चांगला होता आणि मी त्यातच दंग झाले.

आधी कंपनीची लावली. पलीकडच्या काळ्या कड्याला मोहोळं टांगलेली, त्यांच्या कडेच्या माश्या मोजता येतील इतक्या स्वच्छ. नवऱ्याचं म्हणणं खरं ठरणार, या विचारानं मी जळफळले. सगळ्यात मोठ्या मोहोळाच्या बरोबर खाली, लेण्यांपुढच्या वाटेवर, बाकावर एक पांढरा ठिपका बसलेला दिसला. दादाच. नवरा जवळ नव्हता. मी तो फोटो काढला.

चेहरा दिसावा म्हणून दुसरी लेन्स चढवली. आता दादा अगदी जवळ आले. उपरण्यानं मान पुसत होते. दोन-तीन माश्या कानाजवळून गेल्या, त्यांनी हातानं झटकल्या. मी लेन्स वर उचलली. मोहोळावरून एक लाट सरकली, वरून खालपर्यंत. मग दुसरी. दिसायला ते सुंदरच होतं. मोहोळावर शत्रू आला की माश्या एकापाठोपाठ पोटाचं टोक वर उडवतात, हे मला वाचून ठाऊक होतं. आभाळात पाहिलं तर मधुबाज घिरट्या घालत होता. हा पक्षी मोहोळ फोडूनच खातो. कितीतरी वर्षं मी त्याचा फोटो मिळवायच्या मागे होते. क्षणभर मला आनंद झाला, हे कबूल करते. आणि मग मला हिन्याचा वास आठवला. उग्र वासावर माश्या चवताळून येतात.

मोबाइलला रेंज नव्हती. मी ओरडले. आवाज दरीत कुठं गेला कळलं नाही. मग ओढणी काढून दोन्ही हातांनी हलवायला लागले. आत जा, लेण्यात जा, असं हातांनी ढकलून दाखवत राहिले. दादांनी वर पाहिलं. त्यांना मी दिसले. मी लेन्सला डोळा लावला तर ते उठून उभे राहिले होते. हायसं वाटलं.

पण ते आत गेले नाहीत. त्यांनी टोपी सरळ केली, उपरणं नीट घेतलं, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि माझ्याकडं बघत ताठ उभे राहिले. त्यांच्या पिढीची माणसं फोटोला उभी राहतात तसे. हसायचं नाही, हलायचं नाही. माझी खूण त्यांनी तशी घेतली होती. मी आणखी जोरात ओढणी हलवली, तशी त्यांनी छाती आणखी पुढं काढली.

मधुबाज कड्यावर आदळला. मोहोळाचा लचका खाली पडला आणि त्यामागून काळा लोट उतरला. लेन्सचा फोकस सुटला. ती घरघरत मागंपुढं होऊ लागली, दादा नुसते पांढरा धूर झाले. लेन्स सावरली तेव्हा बाकापाशी कुणी नव्हतं. माणसं डोकी झाकून पळत होती.

पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा पहारेकऱ्यानं मला अडवलं. त्यानं आणि नवऱ्यानं दादांना कांबळ्यात गुंडाळून एका लेण्यात ओढलं होतं. नवऱ्याचा चेहरा सुजून डोळे बंद झाले होते. पाणी आणायला गेला होता, तिथून तो माश्यांमध्ये धावत आला होता. तोवर त्याच्या मतांचा मी कितीही राग केला असेल, त्या माणसाला त्यानंतर मी कधी उणं बोलू शकले नाही.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, मग शहरातलं हॉस्पिटल. घसा मोकळा झाला. आम्हाला वाटलं, सुटलो.  विष फार गेलंय, किडन्या काय करतात बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं दोन्ही लेन्स दुकानात परत दिल्या. दुकानदारानं कोणती आवडली, असं विचारलं नाही.

दादांना बोलता येऊ लागलं तेव्हाही त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. पापण्या सुजलेल्या, आवाज बसलेला.

"फोटू आला का गं?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेरा आणला. त्यात त्यांचा एकच फोटो होता, कंपनीच्या लेन्सनं काढलेला. मोठा करून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. एका पापणीच्या फटीतून ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्याच्यात बसलेला हाये म्या," ते म्हणाले. "तू उठ म्हनलीस, मंग उबा ऱ्हायलो की. हाललो सुदिक नाय. त्यो दाव."

मी कॅमेरा बंद केला. मग मी म्हणाले, तो घरी कॉम्प्युटरमध्ये आहे, दादा. लई झाक आलाय. उद्या आणते.

"आन," ते म्हणाले. "मोठा करून आन. तुज्या मायला दावाचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डायलिसिसला नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. गावाहून येऊन रात्रभर दादांजवळ बसलेली आई बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "त्यो उबा ऱ्हायलेला फोटू मला दे."