गनीभाईनं मांजर आणली

डोणगावात अब्दुल गनी पिंजाऱ्याचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत छताला कापूस पिंजायची धनुकली, म्हणजे पिंजण, टांगलेली, मागच्या खोलीत लोकांचा कापूस. थंडी पडू लागली की गावातल्या दबलेल्या गाद्या-रजया त्याच्याकडे यायच्या. तो कापूस पिंजून फुलवायचा आणि त्याची बायको जहांआरा टाके घालायची. दिवसभर पिंजणीचा आवाज चाले, त्यामुळे नवराबायको एकमेकांशी जरा मोठ्यानंच बोलत.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जहांआरा तापानं गेली. एकुलती एक मुलगी शाहजादी मलकापूरला दिलेली. ती आईच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिली. जाताना बापाला आपल्याकडे चला म्हणून खूप विनवलं. थंडीचा हंगाम होऊ दे, मग बघू, असं सांगून त्यानं तिला एस.टी.त बसवून दिलं.

त्या हिवाळ्यात घरात उंदीर झाले. खरं तर ते आधीही असणार. पण जहांआरा रोज कापसाचे ढीग हलवून खालून झाडायची, तेव्हा त्यांना थारा नव्हता. गनीभाई एकटा पडला आणि मागच्या खोलीचे कोपरे झाडायचे राहून गेले. एका गिऱ्हाइकाच्या नव्या रजईला मधोमध भोक निघालं, तेव्हा तो शरमून गेला. रजई बदलून दिली.

शेजारची सोजराबाई माळीण अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला त्यानं हे सांगितलं.

"मंग मांजर आना ना गनीभाई," ती म्हणाली. "इंद्रभानच्या दुकानातली व्याली हाये. पोत्यामांगं पिलं हायेत."

इंद्रभान वाण्यानं पिलं दाखवली. त्यात एक करडं, पांढऱ्या पायांचं होतं. "हे न्या. पन आत्ता नाई हो. अजून अंगावर पिते. मायचं दूध सुटू द्या, मंग न्या."

तेवढ्या दिवसांत गनीभाई घर नीट करायच्या मागे लागला.

पिंजणीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, असते जनावराच्या आतड्याची. मांजर ती चावणार हे त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यानं जादा तातीची वेटोळी पत्र्याच्या डब्यात घालून डबा आढ्याला टांगला. मोरीच्या भोकावर जाळी ठोकली. मग गुडघ्यांवर बसून त्यानं दोन्ही खोल्यांची जमीन हातानं चाचपली. फटींतून सुया निघाल्या, वाकलेलं दाभण निघालं, दोऱ्यांचे तुकडे निघाले. पिल्लानं दोरा गिळला तर पोटात अडकतो, असं इंद्रभान म्हणाला होता. एका फुटक्या घमेल्यात राख घालून ते कोपऱ्यात ठेवलं. दुधासाठी मातीची परळ आणली.

निजायला काहीतरी मऊ पाहिजे म्हणून त्यानं जहांआराची पेटी उघडली. वर तिची फिकी हिरवी ओढणी होती. ती हातात घेऊन तो बराच वेळ बसला, मग जशीच्या तशी घडी करून ठेवली. त्यानं मूठभर चांगला कापूस पिंजला आणि वीतभर गादी शिवायला घेतली. टाके वाकडे पडले. उसवून पुन्हा घातले.

सोजराबाई दारातून बघत होती. "काऊन हो गनीभाई, मांजर आनून राह्यले का जावई? अन् सोता निजता फाटक्या वाकळीवर!"

"मांजर पाक-साफ जनावर हाये सोजराबाई," तो म्हणाला. "घरात येऊन राह्यलं तर नीट येऊ द्या."

"मी कुठी नाई म्हनते?" ती हसली आणि आपल्या घरात गेली. तिथे चूल पेटलेली होती, सुना बोलत होत्या, नातवंडांचा कालवा चालला होता. भिंत एकच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

पिल्लू पिशवीतून आलं ते ओरडतच. पिशवीचं तोंड सोडताच ते कापसाच्या ढिगामागे पळालं आणि तिथून बाहेर येईना. गनीभाईनं परळ पुढे सरकवली, हाका मारल्या. बायको गेल्यापासून तो घरात एवढा बोलला नव्हता. उजाडल्यावर परळ रिकामी दिसली तेव्हा त्याला बरं वाटलं.

दुपारी त्यानं पिंजणीवर लाकडी दस्ता मारला. तात घुमली आणि पिल्लू कुडाच्या आधारानं वर चढून आढ्यावर जाऊन बसलं. अंग फुगवून थरथरत होतं. त्यानं हात थांबवला. थोड्या वेळानं हळूच एक टोला दिला, तर ते आणखी आत सरकलं. दिवसभर खाली आलं नाही. दूधही तसंच.

"चाल, तुले नाई आवडत," तो वर बघून म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पिंजण सोजराबाईच्या गोठ्यात नेली. आता पिल्लाला घर शांत मिळालं, पण दिवसभर त्या घरात माणूसच नव्हतं. संध्याकाळी तो परत येई तेव्हा ते ढिगावरून त्याच्याकडे बघे. जवळ येत नसे. त्याच्या अंगाला वास येई तोही कापसाचा आणि तातीचाच.

मग साखरखेर्ड्याच्या एका लग्नघरचं बोलावणं आलं. तिथं राहूनच सगळ्या गाद्या भरायच्या होत्या. त्यानं किल्ली सोजराबाईकडे दिली, दूध कधी आणि किती घालायचं ते परत परत सांगितलं आणि पिंजण खांद्यावर टाकून निघाला.

काम उरकून आला तेव्हा सोजराबाईच्या चुलीपाशी, धाकट्या नातीच्या मांडीवर, पिल्लू पोट वर करून निजलेलं होतं.

"एकटं लई वरडे हो," सोजराबाई ओशाळून म्हणाली. "म्हनून आनलं इकडे. घेऊन जा आता तुमचं."

त्यानं नेलं. दार लावलं. पिल्लू दारापाशी बसून ओरडत राहिलं. दोन-तीनदा असं झालं. शेवटी त्यानं स्वतःच दार उघडलं आणि ते शेपटी ताठ करून भिंतीपलीकडे गेलं ते बघत राहिला.

"राहू द्या तिकडेच," तो सोजराबाईला म्हणाला. "तुमच्या घरी मानसं हायेत."

पिंजण पुन्हा त्याच्या घरात टांगली गेली. उंदरांसाठी त्यानं बाजारातून पिंजरा आणला. कोणी विचारलं तर सांगायचा, "मांजर माही हाये. राहते तिकडे." रोज संध्याकाळी ती कशी आहे ते बघायला तो सोजराबाईच्या ओसरीवर जाऊन बसे. चहा मिळे. मांजर कधी असे, कधी नसे.

उन्हाळा लागता लागता एकदा ती आपण होऊन त्याच्या मांडीवर चढली. गोल फिरून बसली, घुरघुरू लागली आणि तिथेच झोपली. गनीभाईनं हात वर धरलेले तसेच ठेवले. पाय बधिर झाला तरी हलला नाही. सुनांनी ताटं वाढली, मुलं जेवून उठली. सोजराबाई दोनदा आत-बाहेर करून गेली. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "गनीभाई, भाकर टाकू का तुमच्यासाठी?"

"नाई, नाई. घरी हाये," तो म्हणाला. घरी सकाळची भाकर होती.

त्यानं मांजरीला दोन्ही हातांनी उचललं, ओसरीच्या कोपऱ्यात तिच्या नेहमीच्या जागेवर ठेवलं. ती जागी झाली नाही. पायातल्या मुंग्या जाईपर्यंत तो खांबाला धरून उभा राहिला, आणि मग आपल्या घराकडे गेला.